सलीम अली : एअरगन हातात घेतलेला पोरगा किहीमच्या सुगरणींपर्यंत कसा पोचला?

गेटवेवरून मांडव्याची बोट पकडायची, धक्क्यावर उतरून बस किंवा रिक्षा गाठायची आणि अर्ध्या तासात किहीम. सुरूची झाडं, नारळाच्या वाड्या, सुट्टीच्या दिवशी भरून वाहणारी हॉटेलं. अलिबाग तालुक्यातलं हे गाव मुंबईकरांना पाठ आहे. भारतातल्या पक्षीशास्त्रातला एक मोठा शोध याच गावात लागला, हे मात्र तिथे दहा वेळा जाऊन आलेल्यांनाही बहुधा माहीत नसतं.

१९३० च्या पावसाळ्यात तेहतीस वर्षांचा एक माणूस बायकोसोबत इथल्या घरात येऊन राहिला होता. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. हा माणूस सुट्टीसाठी आलेला नव्हता. जर्मनीत शिकून नुकताच परतला होता, आणि परतल्यावर कळलं होतं की ज्या नोकरीच्या भरवशावर गेलो ती जागाच आता राहिली नाही. मुंबईत राहणं परवडेना. किहीमचं घर होतं म्हणून निभावलं. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि या माणसाकडे वेळच वेळ होता.

माणसाचं नाव सलीम अली. पुढे 'बर्डमॅन ऑफ इंडिया' म्हणून जग ज्यांना ओळखू लागलं ते हेच. पण पक्ष्यांचा हा कैवारी पक्ष्यांकडे वळला तो बंदुकीमुळे, आणि बंदूक त्यांनी पुढेही कायमची टाकून दिली नाही. ही गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात गिरगावाजवळच्या खेतवाडीतून करावी लागते.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात सलीमचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यात धाकटा. वर्षाचा असताना वडील मोइझुद्दीन गेले, तीन वर्षांचा असताना आई झीनतउन्निसा गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या पोरांना आपल्या खेतवाडीच्या घरात वाढवलं. घराणं मोठं. स्वातंत्र्यलढ्यात गांधीजींच्या बरोबर उभे राहिलेले अब्बास तय्यबजी हे सलीमचे दुसरे मामा.

अमिरुद्दीन मामा शिकारीचे शौकीन. त्या काळात सुखवस्तू घरांत शिकार म्हणजे आज क्रिकेट आहे तसं काहीतरी होतं. पोरं शिकारीची पुस्तकं वाचायची, नेमबाजीच्या पैजा लावायची. सलीमच्या या सवंगड्यांत नात्यातला एक इस्कंदर मिर्झा होता. त्याचा नेम भारी होता. हाच इस्कंदर पुढे १९५६ साली पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सलीमलाही मोठेपणी नामांकित शिकारीच व्हायचं होतं. मामांनी भाच्याच्या हातात खेळण्यातली म्हणावी अशी एक एअरगन दिली, तेव्हा तो दहाएक वर्षांचा असेल.

एअरगनने मारायला चिमण्यांशिवाय असतं काय? मारलेल्या चिमण्या स्वयंपाकघरात जायच्या. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नाही एवढं पोराला कळलं, पण मग ही खाल्लेली चालते का? प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि भाच्याला तिकडे धाडलं.

ही सोसायटी तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनीच्या जागेत होती. फिप्सन म्हणजे विलायती दारूचे व्यापारी. देशातल्या निसर्गशास्त्राचं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण एका दारूच्या पेढीच्या आश्रयाला होतं! मिलार्ड साहेबांनी घाबरलेल्या पोराच्या हातातली कागदाची पुडी उघडली. पक्षी होता रानचिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची जंगली चिमणी. मग साहेबांनी एकामागून एक खण उघडून दाखवले. प्रत्येक खणात पेंढा भरलेले पक्षी रांगेने निजवलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत हे पोराला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मिलार्डनी वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्याची कातडी सोलून टिकवायची कशी, ते शिकायची सोयही करून दिली.

ही चिमणीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, शाळेच्या पुस्तकांतही ती भेटते. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. कदाचित ती पोरांना सांगायला जड जाते म्हणून.

१९०६-०७ च्या सुमाराला घराच्या तबेल्यात भिंतीतल्या भोकात एका चिमणीने घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर पहाऱ्याला. सलीम उभ्या गाडीच्या आड लपला आणि त्याने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही तसाच पहारा देऊ लागला. सलीमने त्यालाही टिपलं. तिसरा आला. असं करत सात दिवसांत त्याने एकाच जागेवरचे आठ नर मारले, आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. नुसता मारून मोकळा झाला असता तर ती एका व्रात्य पोराची गोष्ट ठरली असती. पण त्याने हे सगळं वहीत नोंदवून ठेवलं. कित्येक वर्षांनी, सलीम अली नामवंत झाल्यावर, ही नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापली गेली. दहा वर्षांच्या मुलाने केलेली ती नोंद शास्त्राच्या दृष्टीने आजही टाकाऊ नाही. फक्त तिची किंमत आठ चिमण्या होती.

इथे थोडं थांबून बंदुकीबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे बंदूक म्हटलं की सगळ्या एकाच माळेत ओवल्या जातात.

डोंगरातल्या शिकाऱ्याची बंदूक म्हणजे रायफल. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते आणि ती भोवऱ्यासारखी स्थिर राहून लांबवर सरळ जाते. त्यातही पहाडी शिकाऱ्यांचा जीव असतो तो बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीवर. दाराची कडी असते ना, साधारण तसा प्रकार. खटका वर उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं आत सरकतं, खाली दाबला की नळीचं तोंड पक्कं बंद. हलणारे भाग कमी, त्यामुळे बिघाड कमी, नेम पक्का आणि वजनही आटोक्यात. दिवसभर चढण चढायची आणि दरीपलीकडच्या कड्यावरचं जनावर दोन-तीनशे मीटरवरून टिपायचं, तर खांद्यावर हलकी आणि नेमाला खात्रीची हीच बंदूक लागते. जर्मनीतल्या माउझर कंपनीने १८९८ साली या बोल्टची जी रचना आणली तिची नक्कल आजही होते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रिग्बी रायफल याच माउझर बोल्टची. कुमाऊंच्या डोंगरांत ती त्यांना वर्षानुवर्षं पुरली.

पण ही बंदूक चिमणीवर चालवून बघा. कॉर्बेटच्या रायफलीची एक गोळी साधारण नऊ ग्रॅमची. चिमणी सगळी मिळून पंचवीस-तीस ग्रॅम. गोळी लागल्यावर हातात चार पिसं आली तरी नशीब.

म्हणून पक्षी गोळा करणाऱ्यांचं हत्यार वेगळं. छऱ्याची बंदूक, म्हणजे शॉटगन. नळी आतून गुळगुळीत, काडतुसात एका गोळीऐवजी बारीक छरे. लहान पक्ष्यासाठी तर मोहरीपेक्षाही बारीक छरे आणि दारूही जेमतेम, म्हणजे कातडीला फार भोकं पडू नयेत. या बंदुकीची गंमत अशी की तिचा पल्ला अगदीच तोकडा. छरे बारीक असले की वीस-पंचवीस पावलांपलीकडे त्यांच्यात जोर राहत नाही. रायफलवाल्याला जनावर दुरून दिसलं तरी पुरतं. छऱ्याच्या बंदुकीने पक्षी मिळवायचा तर तो कुठल्या झाडावर, किती वाजता, कशासाठी येतो हे आधी माहीत लागतं, आणि त्याच्या जवळ जावं लागतं. सलीम अलींचं शिक्षण कॉलेजात कमी आणि या वीस पावलांत जास्त झालं, असं म्हणायला हरकत नाही.

कॉलेजाशी त्यांचं फारसं जमलं नाहीच. डोकेदुखीच्या त्रासामुळे शाळा मध्येच सुटली होती, हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावं लागलं. १९१३ साली मॅट्रिक कशीबशी पास झाली. मग भावाच्या मदतीला ब्रह्मदेशात, दक्षिणेकडच्या तवॉयला. तिथे घरच्यांचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात डोकं कमी आणि भोवतालच्या जंगलात पाय जास्त. मधे मुंबईला येऊन दावरांच्या कॉमर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकले, सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकून घेतलं. १९१८ च्या डिसेंबरात तेहमीनाशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश. काही वर्षांत धंदा बुडाला आणि नवराबायको मुंबईला परत आले.

पदवी नव्हती. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा याच कारणाने ती हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात गाइड-लेक्चरर म्हणून काम मिळालं. महिना साडेतीनशे रुपये. आलेल्या लोकांना आणि शाळेच्या पोरांना काचेमागचे पेंढा भरलेले पक्षी समजावून सांगायचे. दोन वर्षांत त्यांना याचा कंटाळा आला. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले.

स्ट्रेसेमान हा माणूस महत्त्वाचा. तोवर पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्षी मारा, सोला, मोजा, नाव द्या आणि खणात ठेवा. स्ट्रेसेमानच्या शाळेत त्याच्या पुढचे प्रश्न विचारले जात होते. पक्षी जगतो कसा, जोडी कशी जमवतो, एवढं अंतर कापून जातो कुठे? हेलिगोलँड बेटावर सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांना सोडून द्यायचं तंत्र पाहिलं. पक्षी हातात घ्यायचा, पण मारायचा नाही. हे तोवरच्या सवयीला सोडून होतं.

१९३० साली ते परत आले, म्युझियमची जागा पैशांअभावी बंद झाली होती, आणि बिऱ्हाड किहीमला हललं. त्या दिवसांत घरात काय बोलणं होत असेल याची कल्पना करता येते. नात्यातली मंडळी उद्योगधंद्यात आणि वकिलीत नाव काढत होती आणि हा जर्मनीहून शिकून आलेला जावई झाडाकडे बघत बसला होता.

तो बघत काय होता?

सुगरणीची घरटी कोकणात कोणी पाहिली नाहीत असा माणूस नसेल. विहिरीवर झुकलेल्या फांदीला, शिंदीच्या किंवा नारळाच्या झावळीला लटकणारे ते उलटे चंबू. गवताच्या आणि झावळीच्या लांब चिरोट्या चोचीने एकमेकींत ओवून विणलेले. खाली लांब नळीसारखं दार, म्हणजे साप सहज चढू शकणार नाही. आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच दिलंय सुगरण, म्हणजे घरकामात हुशार बाई. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही पिल्लांसाठी खोपा टांगणारी आई आहे. कविता म्हणून ती अजोड आहे. पण घरटं विणतो तो नर. विणकाम जवळजवळ सगळं त्याचंच. हे त्या आधीही काही निरीक्षकांना ठाऊक होतं. मग पुढे काय घडतं, ते मात्र कोणी नीट पाहिलं नव्हतं.

सलीम अली त्या वसाहतीसमोर रोज तासन्‌तास बसून राहिले. कोणता नर कोणत्या घरट्यावर, कोण आलं, किती वेळ थांबलं, घरटं कुठवर आलं, सगळं वहीत. हळूहळू चित्र उलगडत गेलं, आणि ते चांगलंच मजेशीर निघालं.

पावसाच्या तोंडावर डोकं पिवळं धमक झालेले नर आधी येतात आणि कामाला लागतात. प्रत्येक जण घरटं अर्ध्यावर आणून सोडतो. या टप्प्याला ते शिरस्त्राणासारखं दिसतं, खालून उघडं, मधे एक आडवी पट्टी. इथवर यायला आठवडाभर जातो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवून ओरडत राहतात आणि माद्या घरटी तपासत फिरतात. आत शिरतात, ओढून बघतात, पसंत पडलं नाही तर पुढच्या दाराला. पसंत पडलं तर मादी तिथेच ठिय्या देते, आणि मगच तो नर उरलेलं घरटं पुरं करतो, खालची नळी विणतो. ज्यांच्या घरट्याला कोणी विचारत नाही त्यांची अर्धवट घरटी तशीच लटकत राहतात. पावसाळ्यात रिकामी, अर्धी घरटी दिसतात ती ही.

इथपर्यंत सगळं सभ्य आहे. मादी अंड्यांवर बसली की हा बाप्या काय करतो? त्याच झाडावर शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो. तेही अर्ध्यावर आणून ठेवतो, दुसऱ्या मादीची वाट बघतो, ती आली की पुरं करून देतो, मग तिसरं. अंडी उबवणं बायकांकडे, पिल्लांना भरवणंही बहुतेक त्यांच्याकडेच. तोवर लोक समजत होते की एक जोडी, एक घरटं आणि जादाची घरटी म्हणजे नराची आरामाची खोली. किहीमच्या झाडावर कळलं की एका नराचे एकाच मोसमात, एकापाठोपाठ एक, दोन-तीन संसार होतात, आणि किती होणार हे त्याच्या विणकामावर आणि माद्यांच्या पसंतीवर ठरतं.

आता तबेल्यातल्या त्या चिमण्या आठवा. तिथेही प्रश्न जोड्यांचाच होता. नर गेला तर मादी काय करते? उत्तरासाठी पोराने नर मारत जायचा मार्ग घेतला आणि त्यातून एकच गोष्ट कळली, की बदली नर मिळतो. किहीममध्ये ती पद्धत कामाचीच नव्हती. नर मारला असता तर त्याने पुढचं घरटं विणलं असतं का, हे कळणार कुठून? हा पक्षी दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात काय करतो यातच सगळं गुपित होतं. त्यासाठी तो जिवंत लागत होता आणि बघणारा समोर बसून राहायला लागत होता.

१९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीवरचा लेख छापून आला. भारतात एखाद्या पक्ष्याच्या वागण्याचा इतका बारकाईने केलेला अभ्यास तोवर दुर्मिळ होता. सलीम अलींचं नाव पक्षीशास्त्राच्या जगात झालं ते या लेखापासून. त्यांनी पुढे शेकडो जातींवर काम केलं, दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, पण सुगरणीचं काम नेहमीच त्यांच्या नावाशी जोडलेलं राहिलं. नोकरी टिकली असती तर ते किहीमला राहायला आले असते का, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

इथून पुढे त्यांनी बंदूक खाली ठेवली, असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही.

किहीमनंतर त्यांनी संस्थानांना एक प्रस्ताव दिला. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, पगार नको, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद तयार झालं, मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे आणखी संस्थानं. बैलगाडी, तंबू, कंदील, बरोबर तेहमीना. आणि छऱ्याची बंदूकही. पहाटे निघायचं, लागतील तेवढे नमुने टिपायचे, दुपारी तंबूत बसून सोलायचे. पोटाला चीर देऊन मांस काढायचं, कातडीला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा म्हणजे किडा लागत नाही, कापूस भरून शिवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची. तारीख, गाव, नर की मादी, डोळ्यांचा आणि पायांचा रंग. रंग लगेच लिहायचा, कारण मेल्यावर तो काही तासांत उडतो.

ही चिठ्ठी म्हणजे सगळ्याचा प्राण. तेव्हा चांगल्या दुर्बिणी आणि कॅमेरे सगळ्यांच्या हातात नव्हते. सारख्या दिसणाऱ्या दोन फुटक्यांमधला फरक पंख मोजल्याशिवाय सांगता येत नसे. नमुने गोळा केले नसते तर पुस्तकं लिहिता आली नसती, हे सलीम अली म्हातारपणापर्यंत स्पष्ट मांडत राहिले. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्याने पक्षी मारावेत कसे, असं विचारणाऱ्यांपुढे ते कधी ओशाळले नाहीत. त्यांचा राग मौजेखातर पाडलेल्या ढिगांवर होता. त्यांचं हे म्हणणं आज सगळ्यांना पटेलच असं नाही. पण १९४१ साली आलेलं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हातात घेऊन रानात जाणाऱ्या पिढ्यांनी बंदुकीशिवाय पक्षी ओळखले, तेही या खणांतल्या कातड्यांमुळेच.

चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, याचंही उदाहरण याच आयुष्यात आहे. १९३७ साली सलीम अली रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलबरोबर अफगाणिस्तानात गेले होते. हा कर्नल पक्ष्यांचा जाडा अभ्यासक आणि निष्णात नेमबाज. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला. रानपिंगळा म्हणजे मध्य भारतातलं एक दुर्मिळ घुबड. बाकी सगळे नमुने १८८४ पर्यंतचे, त्यानंतर फक्त हा एक. १९७० च्या दशकात सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन मित्र डिलन रिप्ली यांनी हा पक्षी शोधला, मिळाला नाही. कर्नल गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उघड झालं की त्याने संग्रहालयांतले नमुने चोरून त्यांना स्वतःच्या नावाच्या बनावट चिठ्ठ्या लावल्या होत्या. रानपिंगळ्याचा तो नमुनाही चोरीचाच, गुजरातेतला नव्हेच. ती चिठ्ठी बाद केल्यावर शोधणारे जुन्या खऱ्या नोंदींच्या भागात गेले आणि १९९७ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत सापडला. सलीम अलींना मात्र ते पाहायला मिळालं नाही.

हिमालयातला पहाडी लावाही त्यांना सापडला नाही. त्याची शेवटची खात्रीची नोंद १८७६ सालची, नैनितालजवळची, आणि तीही बंदुकीने टिपलेल्या पक्ष्याचीच. मसुरी-नैनितालच्या उंच गवताळ उतारांवर शिकारी हिंडत होते, रायफली चालत होत्या, आणि त्यांच्या पायांखालून हा लहानसा लावा नाहीसा झाला तो कधी, कुणाला कळलंही नाही. सलीम अली त्याच्या शोधात डोंगर चढले आणि रिकाम्या हाताने उतरले. कुमाऊंच्या तराईत त्यांना सुगरणीची एक हरवलेली चुलतबहीण, फिनची सुगरण, पुन्हा सापडली एवढंच समाधान.

मधल्या काळात घर मोडलं होतं. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमीना गेली. तंबूतला संसार तिने हसत केला होता, इतकंच काय, सलीम अलींच्या इंग्रजी लिखाणाला वळण लावण्यातही तिचा हात होता. त्यानंतर त्यांनी लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी, पाली हिलला, राहिले. वेगाचा शौक तेवढा टिकून होता. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षीशास्त्राची जागतिक परिषद होती, तिथे जाताना चौपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला हा गृहस्थ आपली सनबीम मोटारसायकल जहाजावर चढवून युरोपात घेऊन गेला.

बंदुकीशी त्यांचा खरा सामना झाला भरतपूरला. तिथल्या पाणथळीत हिवाळ्यात मध्य आशियातून लाखो बदकं उतरायची आणि महाराज पाहुण्यांसाठी शिकारीचे मेळे भरवायचे. तिथे दगडावर आकडे कोरून ठेवलेत. त्यातला सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लिनलिथगो पाहुणे होते आणि एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. तारीख नीट बघा. सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस त्या दिवशी होता.

स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ आटवून शेतीला द्यावी अशी मागणी झाली. शिकारी महाराज एका बाजूला, पाण्यासाठी आसुसलेले शेतकरी दुसऱ्या बाजूला, अशा पेचात सलीम अलींनी आपलं वजन थेट नेहरूंपर्यंत वापरलं. नेहरूंना ते परके नव्हते. तुरुंगात असताना नेहरूंनी मुलीला, इंदिरेला, सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक पाठवलं होतं. पाणथळ वाचली, पुढे राष्ट्रीय उद्यान झाली. त्याच पाण्यावर सलीम अली आणि त्यांचे तरुण सहकारी जाळ्यांत हजारो पक्षी पकडून, पायात ॲल्युमिनियमचं कडं घालून सोडून देत होते. हेलिगोलँडला पाहिलेलं तंत्र. त्या कड्यांमुळे कळलं की भरतपूरचं बदक सैबेरियात उन्हाळा काढतं. मेलेल्या ४२७३ पक्ष्यांनी असलं काही सांगितलं नव्हतं.

१९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण. पॉल गेटी पुरस्कारही मिळाला, त्याची रक्कम त्यांनी सोसायटीकडेच वळवली. रिप्लींबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ मध्ये पुरा झाला. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून ऐंशीच्या घरात असतानाही भांडले. १९८५ साली राज्यसभेत नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. शीर्षकात चिमणीच होती, तीही पडलेली.

२० जून १९८७ ला मुंबईत ते गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. मृग लागलेलं, म्हणजे कोकणात सुगरणींची विणकामं सुरू होण्याचे दिवस. त्याच्या आदल्या वर्षी किहीमच्या दक्षिणेला, मुरूड आणि रोह्याच्या मधल्या डोंगरांवरचं फणसाडचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं होतं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं.